पाचवा नट

मोटारीच्या चाकाला कुलूप असतं, हे पुष्कळ मोटारवाल्यांना पहिल्यांदा चाक काढायची वेळ येईपर्यंत ठाऊकच नसतं. दाराचं कुलूप कडीला लोंबकळत आपलं अस्तित्व जाहीर करतं, सायकलचं मागच्या चाकाला विळखा घालून बसतं. मोटारीच्या चाकाचं कुलूप मात्र मितभाषी. पाच नटांच्या वर्तुळात ते पाचवा नट होऊन उभं असतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पाचही भाऊ एका आईचे. जवळ जाऊन वाकून पाहिलं की फरक कळतो. चौघांच्या अंगाला सहा सपाट बाजू आहेत, कुठल्याही पान्याशी त्यांची चटकन ओळख होते. पाचव्याचं अंग गोल, गुळगुळीत, आणि माथ्यावर वळणावळणाची एक खाच. फूल म्हणावं तर निसर्गातल्या कुठल्या फुलाला पाकळ्या इतक्या लहरीपणे फुटत नाहीत. त्या खाचेत नेमकी उतरेल अशी उलटी नक्षी कोरलेला अंगठ्याएवढा पोलादी तुकडा म्हणजे त्याची किल्ली. तुकडा नटावर बसवायचा, तुकड्यावर पाना लावायचा आणि मग जोर करायचा. तुकडा नसेल तर कुठलाही सज्जन पाना त्या नटाभोवती नुसती प्रदक्षिणा घालत राहतो.

हा सगळा बंदोबस्त मुख्यतः अलॉयच्या चाकांसाठी. साध्या पोलादी चाकांकडे चोर ढुंकून बघत नाही. ती काळी, जड आणि प्लास्टिकच्या टोपीखाली तोंड लपवून जन्म काढणारी. अलॉयचं चाक अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, देखणं, आणि त्यावरच्या टायरची किंमत वेगळी. मध्यरात्र उलटली की दोन माणसं येतात, जॅक लावतात, आणि दूधवाला यायच्या आत चारही चाकं परगावी निघालेली असतात. दिल्ली-गुडगावच्या वसाहतींतून अशा बातम्या वरचेवर येतात, आणि पुण्या-मुंबईलाही त्या अगदीच परक्या नाहीत. मागे उरते ती विटांवर ठेवलेली गाडी. या विटांचं मला नेहमी नवल वाटतं. चाकं न्यायला आलेल्या माणसाने गाडी धाडकन खाली सोडली असती तरी त्याला कोण बोलणार होतं? पण तो जवळच्या बांधकामावरून विटा आणतो, नीट रचतो, गाडी हलकेच त्यांवर टेकवतो. यात त्याचा स्वार्थ आहे हे उघडच आहे. त्याला आवाज नको असतो आणि जॅक परत हवा असतो. तरीही सकाळी खाली उतरलेल्या मालकाला त्या रचण्यातली निगुती दिसल्याशिवाय राहत नाही. अठ्ठावीस युगं विटेवर उभं राहण्याचं आणि कटेवर कर ठेवण्याचं काम आपल्या विठोबाने एकट्याने केलं. इथे त्याची वाटणी होते. गाडी विटेवर, आणि कमरेवर हात ठेवून समोर उभा मालक.

माझ्या लहानपणी चोरांच्या अपेक्षा कमी होत्या. आमच्या गल्लीत दोन मोटारी होत्या, एक फियाट आणि एक अँबॅसिडर, आणि दोन्हींच्या चाकांवर मधोमध एकेक चकचकीत वाटी बसवलेली असे. गाडी चालण्याशी त्या वाटीचा काही संबंध नव्हता, म्हणूनच मालकांचा तिच्यावर जीव जास्त. फियाटवाले वकील रात्री परतले की वायपर काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून घरात नेत. सकाळी निघाल्यावर कोपऱ्यावर पाऊस गाठे, आणि मग ते गाडी तिथेच उभी करून वायपर आणायला डोक्यावर वर्तमानपत्र धरून घराकडे पळत. मुंबईला भेंडी बाजाराजवळच्या चोर बाजाराची एक आख्यायिका तेव्हा घरोघर सांगितली जायची. एका गृहस्थाने बाजाराच्या या टोकाला गाडी उभी केली, रमतगमत त्या टोकाला गेला, तिथे चाकाची एक सुरेख वाटी बघून घासाघीस करून विकत घेतली, आणि परत येऊन बघतो तर ती त्याच्याच गाडीची. ही गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत ती घडलेली असे. गृहस्थाने भाव निम्म्यावर आणला होता, या तपशिलापाशी सांगणारा हमखास खुलायचा. स्वतःच्याच वस्तूवर सूट मिळवण्याचा आनंद आपल्याकडे कमी लेखत नाहीत.

पाचव्या नटामागची बुद्धी मात्र मला चोर बाजारातली वाटत नाही; ती देवळाबाहेरची आहे. गर्दीच्या देवळात जाणारा अनुभवी भाविक दोन्ही चपला एका जागी काढत नाही. एक डावीकडच्या खांबाशी, दुसरी पार त्या फुलवालीच्या टोपल्यामागे. चोराला जोडी हवी असते, एकट्या चपलेचा मोह कुणालाच पडत नाही, असा त्यामागचा हिशेब. हिशेब बिनचूक आहे. अडचण एवढीच की दर्शन घेऊन, देवाचं रूप डोळ्यांत साठवून बाहेर आल्यावर दुसरी चप्पल नेमकी कुठल्या फुलवालीपाशी ते आठवत नाही. मग एक पाय चपलेत आणि एक तापल्या फरशीवर, अशी त्या भाविकाची आणखी एक प्रदक्षिणा घडते. प्रत्येक चाकाला एक, म्हणजे पूर्ण गाडीला असले नट चार. ते उघडणारी किल्ली एकच. चोराच्या वाटेत चार अडथळे आणि मालकाच्या वाटेत एक. पण मालकाचा तो एक चोराच्या चारांना भारी पडतो.

आमच्या नानांनी निवृत्तीनंतर एक जुनी गाडी घेतली. नाना म्हणजे माझे थोरले काका. हयात बँकेत गेलेली, त्यामुळे कोराही कागद पाठपोट वाचायची सवय. गाडीची कागदपत्रं त्यांनी अशी तपासली की विकणाऱ्या गृहस्थाला आपण कर्ज मागायला आलो आहोत असं वाटू लागलं. आर.सी. बुक, विमा, पीयूसी, सर्व्हिसच्या नोंदी, गाडीच्या दोन्ही चाव्या, सगळं जागेवर होतं. चाकांकडे त्यांनी कौतुकाने पाहिलं होतं, पण कौतुकाने बघणारा माणूस नट तपासत नाही. श्रावणात नाना, काकू आणि मी ताम्हिणी घाटाने कोकणात निघालो. घाट उतरून निजामपूरकडे जाताना एका अणकुचीदार दगडाने पुढच्या डाव्या टायरची कड कापली. साधं पंक्चर असतं तर ट्यूबलेसला बाहेरूनच काम भागलं असतं. कड फाटली की चाक काढण्यावाचून इलाज नाही. शेजारी चहाची टपरी होती, पाऊस जरा थांबला होता, डोंगराच्या अंगावरून पांढरे ओघळ उतरत होते, आणि खरं सांगायचं तर नाना मनातून खूश होते. आपल्या हाताने चाक बदलणं ही त्यांच्या पिढीच्या पुरुषांनी राखून ठेवलेली एक हौस आहे. त्यांनी बाह्या दुमडल्या, मागच्या चाकाला दगड लावला आणि मला समजावलं, की नट आधी जमिनीवरच सैल करायचे असतात, जॅक मागाहून. चाक उचलल्यावर जोर करायला गेलं तर ते फिरायलाच लागतं. एक नट सैल झाला, दुसरा झाला, चौथा झाला. पाचव्यावर पाना गरागरा फिरला.

"डोकं झिजलंय वाटतं ह्याचं," नाना म्हणाले. मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आला. झिजेने एवढी सुबक नक्षी पडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसलं, पण ते कबूल करायला ते थोडा वेळ घेत होते.

टपरीवाल्याने चहा गाळता गाळता लांबूनच निदान केलं. "लॉक नट हाय तो, काका. चावी आसंल की गाडीत."

असल्या किल्ल्यांच्या जागा ठरलेल्या असतात. स्टेपनीच्या पोटातला फोमचा खड्डा, डिकीतली हत्यारांची पिशवी, डॅशबोर्डचा खण, फार तर ड्रायव्हरच्या दारातला कप्पा. नाना बाहेरून हुकूम सोडत होते आणि काकू आत शोधत होत्या. "जॅकच्या पिशवीत बघ." "पिशवीत जॅकसुद्धा नाहीये. तो तुमच्या हातात आहे." मग सीटखालचे गालिचे उचलले गेले, खाचांत बोटं गेली, आणि किल्ली सोडून सगळं सापडू लागलं. टोलच्या पावत्या, शाई उडून कोऱ्या झालेल्या. कुठल्याशा देवळातला खोबऱ्याचा वाळून खडंग झालेला तुकडा. जांभळा खडू. आणि मागच्या सीटच्या फटीतून लहान मुलाचा पायमोजा, एकच, काकूंच्या तीन बोटांत मावेल एवढा. काकूंनी तो तळहातावर ठेवून सरळ केला, त्याची टाच जागेवर आणली आणि घडी घालून परत खणात ठेवला. ज्या घरी आम्ही कधी गेलो नव्हतो त्या घराच्या कितीतरी सहलींचा गाळ टपरीच्या बाकावर मांडला गेला होता, आणि पाचवा नट आपल्या जागी स्वस्थ होता.

टपरीमागच्या चढावर मोबाइलला रेंज मिळत होती. तिथे उभं राहून नानांनी गाडी विकणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. "किल्ली? ती गाडीतच असणार की हो," पलीकडून आवाज आला. अगदी प्रामाणिक आवाज होता. हे गृहस्थही आठवायचा प्रयत्न करत होते, पण नटाची किल्ली त्यांना आठवत नव्हती, भलतंच काही आठवत होतं. "मागच्या काचेवर मासा आहे का हो अजून? पिवळा?" मागच्या काचेच्या कोपऱ्यात एक पिवळा मासा चिकटवलेला होता. तो घासून काढायचा म्हणून नानांनी घरात रॉकेलची बाटलीसुद्धा काढून ठेवली होती, पण ते काम राहूनच गेलं होतं. "आहे," नाना म्हणाले. "मुलीने लावला होता. आता ती शिकायला बाहेरगावी असते." मग जरा वेळ दोन्ही बाजूंनी नुसती खरखर. "बरी चालते ना गाडी?" नानांनी खाली पाहिलं. तीन चाकांवर उभी आणि चौथ्यावर बसलेली ती गाडी पावसाने धुऊन निघाली होती. "उत्तम चालते," नाना म्हणाले.

शेवटी टपरीवाल्याने माणगावहून टायरवाला बोलावला. मुंबई-गोवा हायवेवरची टायरची दुकानं पुष्कळदा केरळच्या मंडळींची असतात. हाही पालक्काडचा, पण इतकी वर्षं इकडे काढलेला की त्याच्या मराठीला भाताच्या खाचराचा वास येत होता. त्याने नट पाहिला, किल्लीचं नाव काढलं नाही, मोटारसायकलच्या पिशवीतून एक सॉकेट काढला. त्या सॉकेटच्या डोक्यावर इतक्या हातोड्या बसल्या होत्या की त्याच्या कडा बाहेर वळून त्याला झालर लागली होती. नटाच्या अंगापेक्षा किंचित लहान असा तो सॉकेट त्याने नटावर ठेवला, चार घाव घालून ठोकून बसवला, दांड्याला लांब पाईप लावला आणि सगळं वजन टाकलं. नटाने एकदा कट्ट असा आवाज केला आणि तो सैल झाला. आम्ही मागवलेला दुसरा चहा अजून पिण्याजोगा निवला नव्हता.

नाना विचारात पडले. "म्हणजे चोरसुद्धा असंच ठोकून काढत असेल."

"चोर कशाला ठोकेल, काका?" टायरवाला म्हणाला. त्याला हा प्रश्न बालिश वाटलेला दिसला. "आवाज होतो. चोराकडे चावी असते."

आणि ते खरं आहे. एकेका कंपनीच्या नटांवरच्या नक्षी अगणित नसतात, मोजक्याच असतात. गाडीमागे एक नवी नक्षी काढायला कुणाला परवडणार? त्या सगळ्या नक्षींच्या किल्ल्यांची पेटी टायरवाल्यांसाठी आणि गॅरेजवाल्यांसाठी बाजारात मिळते, आणि पेटी विकणारा घेणाऱ्याला चारित्र्याचा दाखला मागत नाही. ठोकाठोकीवर मात्र एक उपाय निघाला आहे: काही नटांच्या अंगावर एक सैल कडं असतं, वरून काही पकडलं की ते कडंच गोल फिरतं आणि नट आत हलत नाही. तसला नट आमच्या गाडीला असता तर आमचा तो सबंध दिवस टपरीवरच गेला असता. टायरवाल्याने आपल्या डब्यातला एक साधा नट रिकाम्या जागी लावला, स्टेपनी चढवून दिली, आणि उरलेल्या तीन चाकांकडे बोट दाखवून विचारलं, "ते पण काढू?" नानांनी थोडा विचार केला. "राहू देत," ते म्हणाले. "आता ती तीन कुणाचा बाप काढू शकणार नाही. मीसुद्धा."

परतीच्या वाटेवर काकूंनी कैकेयीचा विषय काढला, तो तसा अगदी समयोचित होता. चाक निसटू नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताची आपल्याकडची सगळ्यांत नामांकित गोष्ट तिचीच. वाल्मीकींच्या रामायणात ती जखमी दशरथाला रणातून बाहेर नेते; पण कीर्तनकारांना तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांच्या कथेत ऐन युद्धात रथाच्या चाकाची खीळ निघते आणि कैकेयी त्या जागी आपला हात घालते. दशरथ दोन वर देतो. कैकेयी म्हणते, आत्ता नकोत, लागतील तेव्हा मागेन. म्हणजे चाकाची किल्ली तिने जपून ठेवली. पुढे राजवाड्यातल्या सणावारांत, मुलांच्या मौंजीबंधनांत ती किल्ली कुठे ठेवली हे ती स्वतःच विसरली. लक्षात कुणाच्या होतं? मंथरेच्या. वर्षानुवर्षं घरातली कपाटं आवरणाऱ्या बाईच्या. जपून ठेवलेल्या वस्तूची जागा मालकाखेरीज सगळ्यांना माहीत असते, हे रामायणकाळापासूनचं आहे, असं काकूंचं म्हणणं. त्या स्वतः कुणाच्या बाजूने बोलत होत्या हे मला नीटसं कळलं नाही.

कुलपाच्या जगात मालकांच्या भाबडेपणाची याहून नीट नोंदलेली हकिकत लंडनची आहे. ब्रामा नावाच्या कारागिराच्या दुकानाने १७९० पासून पिकाडिलीतल्या आपल्या खिडकीत एक कुलूप मांडून ठेवलं होतं, सोबत आव्हान: जो हे किल्लीवाचून उघडेल त्याला २०० गिनी. साठ वर्षं लोक येत, बघत, मान हलवत आणि जात. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने अमेरिकेहून ए. सी. हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. त्याने सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास त्या कुलपासमोर बैठक मारली आणि ते उघडलं. खळबळ उडाली. असल्या युक्त्या चारचौघांत सांगितल्या तर चोरांचं फावेल, अशी ओरड झाली. हॉब्जच्या बाजूचं उत्तर असं होतं, की चोरांना या गोष्टी आधीपासून माहीत असतात. माहीत नसतात त्या फक्त सभ्य लोकांना. त्या सोळा दिवसांचा मला हेवा वाटतो. एका माणसाने दुसऱ्याच्या हुशारीसमोर इतका वेळ नम्रपणे बसावं, आणि तेही काही न चोरता, ही कुलपाला मिळालेली केवढी दाद! पाचव्या नटाच्या नशिबी हे नाही. त्याच्यासमोर जो येतो तो घाईत असतो, मग तो चोर असो की पावसात अडकलेला मालक.

आणि चाक निघत नाही म्हणून शरमून जाण्याचंही काही कारण नाही. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं तेव्हा मद्रदेशाचा राजा सारथी म्हणून पुढे बसलेला होता, तरी उतरून चाकाला हात कर्णालाच घालावा लागला. अलीकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०२१ च्या मे महिन्यात मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत वाल्टेरी बोटास दुसऱ्या क्रमांकावर होता. चाकं बदलायला तो मर्सिडीजच्या पथकापाशी थांबला. हे काम ही मंडळी दोन-तीन सेकंदांत उरकतात. त्या दिवशी पुढच्या उजव्या चाकाच्या नटावर तो सोडवायची बंदूक जराशी तिरकी बसली आणि नटाच्या कडा घासून सपाट झाल्या. ज्यांच्या हातांचा वेग जगाने वाखाणला ती माणसं त्या चाकाभोवती उभी राहिली. चाक निघालं नाही. बोटास उतरून चालता झाला, गाडी इंग्लंडला कारखान्यात नेली, आणि दोन दिवसांनी तिथे ते चाक सुटलं. त्यांच्याकडे किल्ल्या होत्या, बंदुका होत्या, अभियंते होते. पालक्काडचा माणूस आणि त्याचा झालरीचा सॉकेट तेवढा नव्हता.

कधी कधी मला वाटतं, कुलपाला एवढं डोकं लढवावं लागतं ते त्याच्याजवळ कुणी नसतं म्हणून. माझ्या आजोळी, वाड्याच्या मोठ्या दाराला कुलूप नव्हतं. अडसर होता, भिंतीतल्या पोकळीतून सरकत बाहेर येणारा सागवानी दांडा. त्याला किल्ली नसते, नक्षी नसते, नंबर नसतो. तो फक्त आतून लागतो, म्हणजे तो लावायला घरात माणूस लागतं. रात्री उशिरा आलेल्याला दिंडीवर थाप मारावी लागे, आजी आतून विचारी, "कोण गं?" आणि नाव सांगितल्यावर अडसर सरकल्याचा जड, झोपाळू आवाज येई. ती सगळी सुरक्षा एका म्हातारीच्या जागेपणावर उभी होती. अर्देशीर गोदरेजांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली, त्यानंतर हळूहळू घरातली सगळी माणसं एकाच वेळी बाहेर जाऊ लागली, आणि आजीचं काम पितळेच्या तुकड्याकडे आलं. मोटारीचं चाक तर जन्मापासूनच उघड्यावर झोपणारं. सोसायटीतला वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीत मान टाकून बसलेला, वरच्या मजल्यावर मालक कूस बदलणारा, आणि खाली पाचवा नट एकटा जागा. त्याच्या कुवतीबद्दल आपण काहीही म्हणू, जागा तो असतो.

म्हणून त्याला काढून टाका असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे पेटी आहे त्याला तो थांबवत नाही, पण पेटीवाले चोर तुलनेने थोडे. साध्या पान्यावर नशीब काढायला निघालेले बरेच. शेजारच्या गाडीला असा नट नसेल आणि तुमच्या गाडीला असेल तर त्या दुसऱ्या प्रकारचा चोर शेजारी जाईल. हे बोलायला बरं दिसत नाही, पण कुलपाचा धंदा याच हिशेबावर चालतो. गाडी भिंतीला लगटून, पुढची चाकं वळवून लावली तर जॅक घालायला आणि पाना फिरवायला जागा उरत नाही, हा बिनपैशाचा उपाय. गॅरेजमध्ये एअर गन या किल्लीवर चालवू देऊ नका. तिच्या दणक्याने किल्लीची नाजूक नक्षी तडकते. हातानेच आवळायला सांगा. आणि काम झाल्यावर किल्ली मागून घ्या, कारण ती बऱ्याचदा गॅरेजच्या सॉकेटातच अडकून राहते आणि तुमच्या मागून आलेल्या गाडीबरोबर भलत्याच गावी जाते. किल्लीबरोबर नंबर लिहिलेलं एक छोटं कार्ड येतं. किल्ली हरवली तर या नंबरावरून दुसरी मिळते, म्हणून कार्ड जपून ठेवा असं त्यावरच छापलेलं असतं, आणि बहुतेक लोक ते जपून किल्लीच्याच पिशवीत ठेवतात. कार्डाचा एक फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला तर या पिशवीवरचा भार हलका होईल.

नानांनी पुढे चारही चाकांना नवा संच घेतला, सैल कड्याचा. त्याची किल्ली काकूंच्या पर्समध्ये असते, गुडघ्याच्या मलमाच्या आणि हरिपाठाच्या मधल्या कप्प्यात. त्यामुळे नाना आता काकूंशिवाय घाट ओलांडत नाहीत. हे मूळच्या योजनेत नव्हतं, पण दोघांनीही त्याबद्दल तक्रार केलेली नाही. मासा अजून काचेवर आहे. रॉकेलची बाटली काकूंनी फेकून दिली.

जुन्या गाड्या विकणाऱ्यांना एवढीच विनंती. आर.सी. बुक द्याल, विमा द्याल, दोन्ही चाव्या द्याल, त्यांच्याबरोबर तो अंगठ्याएवढा तुकडाही घेणाऱ्याच्या हातात ठेवा. नुसतं "गाडीतच आहे" म्हणू नका. डिकी उघडून जागा दाखवा. आणि सीटच्या फटींत एकदा हात घालून या.